स्क्वॉट करताना खुबा दुखतो? तुमचे अनुभव लिहा

गुडघा आणि कंबर यांवर सगळे भरभरून बोलतात, खुब्याचं मात्र ‘स्ट्रेचिंग कर, जाईल’ एवढ्यावर भागवतात. मला बारबेल (वजनाचा दांडा) घेऊन उकिडवं खाली गेलं की उजव्या जांघेत पुढून चिमटा बसतो, वर आलं की गायब. तुमचं नेमकं कुठे दुखायचं, काय बदललं, कशाने फरक पडला? ‘स्क्वॉट सोडून दे’ हा सल्ला नको, तो घरी फुकट मिळतो.

*

सेम टू सेम. फिजिओने मला उताणं झोपवलं, गुडघा छातीकडे आणून आतल्या बाजूला नेला आणि पोटरी बाहेर फिरवली. तोच चिमटा! पण एवढ्या एका चाचणीवरून निदान होत नाही, हेही त्यानेच सांगितलं. एक्स-रेत मांडीच्या हाडाच्या मानेवर किंचित उंचवटा दिसला. खुबा म्हणजे उखळीचा सांधा. खोल बसलं की तो उंचवटा उखळीच्या कडेला भिडतो आणि तिथली मऊ किनार (लॅब्रम) चेंगरते. अर्थात असा उंचवटा काहीही न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांतही सापडतो, त्यामुळे रिपोर्ट वाचून हातपाय गाळू नका.

मी पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद घेतले, चवडे साधारण ३० अंश बाहेर वळवले आणि गुडघे त्याच दिशेला जाऊ दिले. मागे बॉक्स ठेवला, चिमटा सुरू होतो त्याच्या जरा वर. वजन उतरवलं, खाली जाताना मनात तीन आकडे मोजायचे. दुखणं दहापैकी तीनच्या आत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ववत, तर पुढच्या वेळी तेवढंच किंवा जरा जास्त. बॉक्स हळूहळू खाली आला. पार तळापर्यंत मी आजही जात नाही, आणि माझं काही अडत नाही.

*

पाय किती रुंद, हे दुसऱ्याचं बघून ठरवू नका. उखळीची खोली आणि हाडाच्या मानेचा कोन माणसागणिक वेगळा. माझ्या मित्राला रुंद पाय सोसतात, मला त्यानेच कळ येते.

*

स्ट्रेचिंगबद्दल माझं स्पष्ट मत: चिमटा पुढून बसत असेल तर मांडी छातीशी आवळून धरण्यात काय हशील? जिथे चेंगरतंय तिथेच आणखी दाबायचं! ट्रेनरच्या आग्रहाखातर रोज करायचे आणि रोज ठणकायचं. बंद केल्यावरच उतार पडला.

*

माझं दुखणं बाहेरच्या बाजूला, हाड हाताला लागतं तिथे. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत हे बरंच दिसतं म्हणे. त्या कुशीवर झोपता यायचं नाही, जिना नको वाटायचा. नितंबाच्या स्नायूचा कंडरा दुखावलेला निघाला. पायावर पाय टाकून बसणं आणि एका पायावर भार देऊन उभं राहणं बंद केलं, कुशीवरचे व्यायाम हळूहळू वाढवले. स्क्वॉट हलक्या वजनावर चालूच होते, फक्त गुडघे आत पडू द्यायचे नाहीत.

*

घोटे बघा! माझे ताठ, म्हणून खाली जाताना धड पुढे झुकायचं आणि खुब्याची घडी जास्त पडायची. टाचांखाली वजनाच्या छोट्या प्लेट ठेवल्या, धड सरळ राहिलं.

*

प्लेट सरकते हो. वजन वाढवणार असाल तर टाच उंच असलेले वेटलिफ्टिंगचे बूट बरे.

*

मी पळते. जांघेत दुखायचं, पण ते स्क्वॉटपुरतं नव्हतं. चालतानाही दुखायचं आणि त्या पायावर उडी मारणं अशक्य. एक्स-रे साफ. एमआरआयमध्ये हाडाच्या मानेत बारीक चीर दिसली. तिथे बॉक्स, बूट वगैरे काही नाही, भार टाकणं पूर्ण बंद. नुसतं उभं राहून किंवा रात्री पडल्या पडल्या दुखत असेल, ताप असेल, किंवा पडल्यानंतर सुरू झालं असेल तर आधी डॉक्टर.

*

ऑपरेशनबद्दल कोणी लिहिलं नाही. वर आलेला तो हाडाच्या मानेवरचा उंचवटा दुर्बिणीतून घासून काढतात. ब्रिटनमधला मोठा अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता: वर्षभरानंतर फिजिओथेरपीवालेही सुधारले, ऑपरेशनवाले थोडे अधिक. मी आधी व्यायामाला पुरेसा वेळ द्यायचं ठरवलं, अजून सुरी लागलेली नाही.

*

बॉक्सवर पूर्ण टेकता की नुसता स्पर्श?

*

नुसता स्पर्श. वजन घेऊन अंग सैल सोडून बसलं की उठताना कंबर गोल होते.