निकाल लागला, हद्दी तशाच राहिल्या

'१९५४च्या ब्राउन निकालाने अमेरिकी शाळांतला वर्णभेद संपला, पत्रकार उगाच उकरून काढतात,' असं कुणीतरी म्हटलंय. शाळांत वर्णानुसार मुलं वेगळी ठेवणं घटनाबाह्य, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं तो हा निकाल. कायद्याने संपला, खरंय. पण १९७४चा मिलिकन खटला बघा. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय त्यांच्या शाळांना डेट्रॉइट शहरातल्या काळ्या-गोऱ्या मुलांच्या सरमिसळीत ओढता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं. आदल्याच वर्षी रॉड्रिग्ज खटल्यात, मालमत्ता करावर शाळा चालवल्याने पडणारी तफावत घटनाबाह्य नाही, हेही ५-४नेच. म्हणजे घरं महाग तिथली शाळा श्रीमंत.

मी न्यू जर्सीत एका छोट्या वर्तमानपत्रासाठी स्कूल बोर्डाच्या, म्हणजे स्थानिक शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या, बैठका कव्हर करायचो. परीक्षेचे आकडे आले की 'नापास शाळा' असा मथळा ठोकून मोकळा. एका कृष्णवर्णीय आईने गाठलं, "आत कधी गेलायस का?" गेलो. विज्ञानाच्या खोलीतले नळ कोरडे, छताखाली बादली. शाळा सुटून तास झालेला, तरी एक बाई चार मुलांना अपूर्णांक समजावत बसलेल्या. तेव्हापासून आधी बजेटचं पान उघडायला लागलो. बैठकीत ते यायचं रात्री अकराला, बाकीचे वार्ताहर घरी गेल्यावर.