मदत हवी आहे: ब्लॉकचेनवर टाकलेला विज्ञानलेख काढून टाकायचा आहे (तातडीचे)

काचमणी
नमस्कार मंडळी. ब्लॉकचेनवर टाकलेला एक लेख डिलीट करायचा आहे. बटणच सापडत नाहीये. शुक्रवारच्या आत व्हायला हवं, तीन दिवस यातच गेलेत. कुणी केलं असेल तर प्लीज लवकर सांगा.

घाटवाट
कुठली साखळी, म्हणजे ब्लॉकचेन? स्टीम, हाइव्ह (लेख टाकून वाचकांच्या मतांवर नाण्यांत बक्षीस मिळतं त्या) की आणखी काही? लेखावर मतं पडलीत का? खाली प्रतिसाद आहेत का? हे सांगितल्याशिवाय काय सांगणार?

काचमणी
हाइव्ह. पीकडी या हाइव्हच्या वेबसाइटवरून टाकला होता. अपव्होट ३१, प्रतिसाद ६. पण त्याचा डिलीटशी काय संबंध?

घाटवाट
तोच तर संबंध आहे. लेखाला मतं मिळाली असतील किंवा खाली कुणी प्रतिसाद दिला असेल तर हाइव्हवर डिलीट होतच नाही, म्हणून बटण दिसत नाही. आणि झालं असतं तरी लेख फक्त समोरून गेला असता. जुन्या ब्लॉकमध्ये, म्हणजे साखळीतल्या नोंदींच्या गठ्ठ्यात, मजकूर तसाच राहतो. दर तीन सेकंदांनी एक ब्लॉक पुढे जातो, मागचा कुणी खोडत नाही. एडिट मात्र कधीही करता येतं. पण काढायचा का आहे?

नफातोटा
ताई, त्या लेखावर बक्षीस किती मिळालं होतं? ते विकलं असेल तर १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के उपकर. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही. शिवाय १ टक्का टीडीएस. बऱ्याच लिहिणाऱ्यांना हे माहीतच नसतं, म्हणून सांगतोय.

काचमणी
काहीच विकलेलं नाही. तो प्रश्नच नाही. लेख चुकीचा आहे म्हणून काढायचाय.

रानजाई
चुकीचा म्हणजे? टायपिंगची चूक की माहितीच चुकीची? विषय काय?

काचमणी
लोणार. आम्ही चौघी मराठीत विज्ञानलेख लिहितो. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं, त्यावर लिहिलं होतं. मी ठासून लिहिलं की रंग ड्युनालिएला शैवालामुळे आला. विवराचं वयही ५२ हजार वर्षं असंच लिहिलं, जणू त्यावर दुसरं मतच नाही. आता एका शाळेच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी त्यावरून तक्ता केलाय. त्यांच्या सरांनी ग्रुपवर फॉरवर्ड करताना लिहिलं, "ब्लॉकचेनवरची माहिती आहे, कुणी बदलू शकत नाही, म्हणजे खात्रीची." ते वाचून पोटात गोळा आला. शुक्रवारी प्रदर्शन आहे.

पाषाणभेद
आता कळलं. मी भूशास्त्राचा माणूस, म्हणून थोडं सविस्तर.

२०२० च्या जुलैपर्यंत पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत निघालं की रंग हॅलोआर्किया गटातल्या सूक्ष्मजीवांचा होता. हे ना शैवाल, ना जिवाणू. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, त्यामुळे खारटपणा आणि सामू (पीएच) वाढला आणि हे जीव फोफावले. प्रयोगशाळेत पाणी काही दिवस ठेवल्यावर ते तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. मुलांना हीच गोष्ट दाखवा. बरणीत गढूळ पाणी ठेवून गाळ खाली बसताना दाखवता येईल, लगेच समजेल.

वयाचं म्हणाल तर ५२ हजार हा जुना अंदाज उष्मादीप्ती पद्धतीचा (खनिज तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून वय काढतात ती). पुढे आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने (खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढतात ती) साधारण ५ लाख ७० हजार वर्षं आलं. आकडा दहापटीहून जास्त बदलला. दोन्ही आकडे पद्धतीसकट लिहा.

नदीकाठ
अवांतर: आम्ही त्याच्या आदल्या वर्षी गेलो होतो. कमळजा देवीच्या देवळापाशी उभं राहिलं की पाण्याचा उग्र वास येतो, आणि वर कडा चहूकडून गोल दिसतो. गावातलं दैत्यसूदन मंदिर सकाळी उन्हात बघावं. लवणासुराची कथा आजी सांगायची तशीच तिथल्या वाटाड्याने सांगितली.

मधलीसुट्टी
माझं स्पष्ट मत, मराठी विज्ञानाला ब्लॉकचेनची गरज नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हेच काम करते आहे. छापण्याआधी कुणीतरी जाणता वाचतो, हाच फरक. ताई, तुमच्या लेखाला संपादक असता तर "नक्की का?" एवढं विचारलं असतं.

जुनाखेळाडू
संपादक नसतोच असं नाही. मी स्टीमवर स्टीमस्टेम या विज्ञानलेख तपासणाऱ्या गटासाठी लिहायचो. कणभौतिकीतले एक संशोधक आणि इतर विषयांतले लोक लेख वाचायचे, संदर्भ तपासायचे, चित्राचा परवाना विचारायचे, मगच गटाचं मत मिळायचं. माझा एक लेख पोलाद गंजण्यावर होता. त्यात एका आलेखाचा उगम दिला नव्हता म्हणून मत मिळालं नाही. तेव्हा राग आला, पण नंतर कधीच विसरलो नाही. २०२० च्या मार्चमध्ये स्टीममधून हाइव्ह वेगळी झाल्यावर तेच काम स्टेमसोशल नावाने चालू राहिलं. २०२२ मध्ये वाचकांनी स्वतःच्या संगणकावर मॅडग्राफ हे कणभौतिकीचं सॉफ्टवेअर टाकून कणांच्या टकरींची गणितं केली. वर्तमानपत्राच्या पुरवणीत हे झालं असतं?

मधलीसुट्टी
ते इंग्रजीत. मराठी लेख तपासायला तिथे कोण बसलंय? आणि बक्षिसाचा हिशेब सात दिवसांत बंद. लोणारची चूक सात दिवसांत कळणार होती का? लेखकाला परत येऊन दुरुस्त करायला काय कारण उरतं?

जुनाखेळाडू
हा मुद्दा मान्य. पहिल्या आठवड्यालाच सगळं वजन आहे, ते विज्ञानाला बसत नाही. पण जुनी आवृत्ती दिसत राहते हे मला मोलाचं वाटतं. आपण आधी काय म्हणालो होतो ते लपत नाही.

आवृत्ती२
त्यासाठी झेनोडो हा संशोधनाच्या फाइली ठेवायचा ऑनलाइन साठा वापरा. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी संस्थेचा आहे, फुकट आहे. प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. हाइव्हच्या लेखातली चित्रं तर साखळीवर नसतातच, वेगळ्या सर्व्हरवर असतात. उद्या सर्व्हर गेला की मजकूर राहील, नकाशा जाईल.

घाटवाट
झेनोडो शाळेतल्या सरांच्या फोनवर कोण उघडणार? आधी ताईंचं काम होऊ द्या. ताई, डिलीट विसरा. एडिट करा, सगळ्यात वर तारखेसह दुरुस्ती लिहा, चुकीचं वाक्य रेघ मारून तसंच ठेवा. गुपचूप बदललंत तर सरांचा "कुणी बदलू शकत नाही" हा समज आणखी पक्का होईल.

काचमणी
पटलं. पण एडिटही होत नाहीये. जुना लॅपटॉप गेला. खातं मैत्रिणीने काढलं होतं, ती आता जर्मनीत आहे. मी की (लॉगिनची चावी) टाकते पण लॉगिन होत नाही.

घाटवाट
हे पहिल्याच निरोपात हवं होतं! की कशाने सुरू होते?

काचमणी
एसटीएम.

घाटवाट
ती सार्वजनिक की, कुणालाही दिसते. तुम्हाला पोस्टिंगची खाजगी की हवी, ती ५ ने सुरू होते. खातं उघडताना एक पीडीएफ किंवा मजकुराची फाइल उतरवून घेतली असेल, त्यात पोस्टिंग, ॲक्टिव्ह, ओनर, मेमो अशा चार असतात. एडिटला फक्त पोस्टिंग पुरते. मैत्रिणीला तेवढीच मागा. मास्टर पासवर्ड आणि ओनर व्हॉट्सॲपवर मागवू नका, आणि इथे तर काहीच चिकटवू नका.

नफातोटा
ॲक्टिव्हसुद्धा नको. पैसे हलवायची चावी तीच आहे.

काचमणी
तिकडे रात्र आहे. निरोप ठेवलाय.

नदीकाठ
ताई, प्रदर्शन कुठे आहे? आम्ही मेहकरकडे असतो, जमलं तर येऊ.

काचमणी
मिळाली! तिच्याकडे प्रिंट होती, पोस्टिंग कीची ओळ तेवढी कापून फोटो पाठवला. एडिट झालं. वर हे लिहिलंय:

"दुरुस्ती: या लेखात गुलाबी रंगाचं कारण ड्युनालिएला शैवाल असं मी खात्रीने लिहिलं होतं. ते चूक आहे. आघारकर संस्थेच्या तपासणीत हॅलोआर्किया आढळले. वयाचे दोन अंदाज आहेत, ते पद्धतीसह खाली दिले आहेत. जुनी वाक्यं रेघ मारून ठेवली आहेत."

सरांना फोन केला. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, तक्ता फाडायचा नाही, मुलं लाल पेनाने खोडून शेजारी नवं लिहितील. बरणीचा प्रयोगही ठेवणार आहेत. पाषाणभेद काका, लोणारची माती नसेल तर साधी काळी माती चालेल का? किती वेळात बसते?

पाषाणभेद
चालेल. पण काळी माती बारीक, तिचं पाणी लवकर नितळत नाही. आज रात्रीच एक बरणी ढवळून ठेवायला सांगा, आणि दुसरी मुलांनी तिथेच सगळ्यांसमोर ढवळायची. दोन्ही शेजारी ठेवा.