मदत हवी आहे: जुन्या रिपोर्टमधल्या 'टीटी'चा आता काही अर्थ उरतो का?

मोठ्या भावाला हेपेटायटिस सी आहे. २०१२ साली त्याने इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाव्हिरिन असा ४८ आठवड्यांचा कोर्स केला. ताप, चिडचिड, हिमोग्लोबिन घसरलेलं, आणि शेवटी विषाणू होता तिथेच. तेव्हाच्या रिपोर्टवर दोन गोष्टी आहेत: 'जीनोटाइप १' आणि 'आयएल२८बी: टीटी'. कित्येक वर्षं आम्ही दोन्ही एकच समजत होतो! पहिला विषाणूचा प्रकार, दुसरा भावाच्या स्वतःच्या जनुकाचा, हे आत्ता कळलं.

वाचलं त्यावरून, २००९ मध्ये १९व्या गुणसूत्रावरचा हा फरक सापडला. जीनोटाइप १ मध्ये सीसी (त्याच जनुकाचा दुसरा प्रकार) असणाऱ्यांचं त्या जुन्या उपचाराने बरे होण्याचं प्रमाण टीटीवाल्यांच्या दुपटीहून जास्त होतं. म्हणजे भावाने गोळ्या चुकवल्या म्हणून हे झालं, असं जे घरात बोललं गेलं, ते बहुधा अन्यायच होता.

आता डॉक्टर सोफोस्बुव्हिर-व्हेल्पाटास्व्हिर १२ आठवडे देणार आहेत. ही औषधं थेट विषाणूवर काम करतात, त्यामुळे जनुकाचा फारसा फरक पडत नाही असं ते म्हणतात. पण भाऊ 'माझं रक्तच तसलं' म्हणून अडून बसलाय.

टीटी असून, आधीचा इंटरफेरॉनचा कोर्स फसून, नव्या गोळ्यांनी बरं झालेलं इथे कुणी आहे का? आणि लिव्हर किती खराब झालंय ते बघायला फायब्रोस्कॅन आधी करून घ्यावा का?