‘सुपर्ब स्टार्लिंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : टांझानियातल्या सेरेंगेटीत लॉजच्या अंगणात एक पक्षी चहाच्या टेबलाखाली बिस्किटाचा चुरा टिपत होता. डोकं काळं, पाठ मोरपंखी निळी, पोट विटकरी, छातीवर आडवी पांढरी रेघ. गाइड म्हणाला ‘क्वेझी’. आमचे चिरंजीव म्हणतात खंड्या. खरं काय?

– खंड्या नव्हे, त्याची चोच खंजिरासारखी असते. हा सुपर्ब स्टार्लिंग. ‘क्वेझी’ हे स्वाहिलीत स्टार्लिंगांचं सरसकट नाव. डोळा पाहिलात का? पांढुरका असेल तर हाच. लालसर डोळा आणि रेघ गायब, तर हिल्डब्रांटचा स्टार्लिंग. (पिल्लांचे डोळे काळपट, तिथे फसगत होते.)

– डोळा पांढराच होता. आता मराठी शब्द सांगा.

– स्टार्लिंग म्हणजे भोरडी.

– कुळ एकच, कबूल. पण भोरड्या म्हटलं की ज्वारीवर उतरणारा थवा आणि गोफण आठवते. ‘पट्टेवाली मैना’ कशी वाटते? भांगपाडी मैना आहेच की आपल्याकडे.

– पट्टेवाली? कचेरीबाहेर स्टुलावर बसवणार का तिला?

– मग ‘जानवी मैना’!

– जानवं तिरकं असतं हो. रेघ आडवी आहे.

– रंगरूप सोडा, वागणं बघा. जमिनीवर तुरुतुरु चालत किडे टिपणं, माणसाची भीड नाही, काट्याच्या बाभळीत गवताचं गबाळं घरटं. एका जोडप्याच्या पिल्लांना थव्यातले इतरही भरवतात, त्यात नात्याबाहेरचेसुद्धा असतात. आणि आरडाओरडा! ससाण्यासाठी एक हाक, जमिनीवरच्या शिकाऱ्यासाठी दुसरी. केनियातल्या अँबोसेलीत वर्व्हेट माकडं त्या हाका ओळखून सावध होतात. साप दिसला की आपल्याकडे कोण कलकलाट करतं? साळुंकीच ना? मैना हा शब्द मला पिंजऱ्यातला वाटतो. ‘निळी साळुंकी’ म्हणा.

– ‘निळी’ला माझी हरकत आहे. आफ्रिकेत निळे स्टार्लिंग कितीतरी. शिवाय तो निळा रंगद्रव्याचा नाही, पिसांच्या सूक्ष्म रचनेचा. सावलीत ती पिसं काळीच दिसतात. शास्त्रीय नावातल्या ‘लॅम्प्रोटॉर्निस’चा अर्थ लखलखता पक्षी. ‘लखलखी साळुंकी’ का नको?

– पाच वेळा भरभर म्हणून दाखवा, मग ठरवू.

– म्हणून पाहिलं. चिरंजिवांनी वहीत ‘निळी साळुंकी’ लिहिलंय. कंसात अजून ‘खंड्या?’ आहे.