आरव्ही भाड्याने घ्यायची आहे: सॉल्ट लेक सिटी ते यलोस्टोन

नमस्कार मंडळी,

जुलैअखेरीस नऊ दिवसांची सुट्टी जमली आहे. आम्ही दोघं, दोन मुलं (११ आणि ६) आणि भारतातून येणारे आई-बाबा, असे सहा जण. सॉल्ट लेक सिटीला विमानाने पोचून तिथून आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, म्हणजे मोटरहोम) घ्यायची, आधी खाली झायन, मग वर यलोस्टोन, तिथून ग्लेशियर ही राष्ट्रीय उद्यानं आणि परत, असा बेत आहे. ३१ फुटी क्लास सी (ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा असलेली मोटरहोम) गाडी पाहून ठेवली आहे. गाडी या आठवड्यात बुक करून टाकतो, कॅम्पग्राउंडचं नंतर बघू म्हणतोय.

एवढी मोठी गाडी कधी चालवलेली नाही. वेगळं लायसन्स लागतं का? हुकअप म्हणजे नेमकं काय? आणि त्या संडासाच्या टाकीची मला खरंच धास्ती वाटते. कुणाचा अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

----------

विषय: पुन्हा: आरव्ही भाड्याने घ्यायची आहे

दादा, गाडी आज बुक करू नका. आधी मुक्कामाच्या जागा मिळवा आणि मग त्या जागेत मावेल ती गाडी घ्या. आम्ही पहिल्या खेपेला उलटं केलं. गाडी होती, जागा नव्हती. दोन रात्री पार्कपासून दीड तासावर काढल्या आणि मुलांनी पार्क पाहिलं त्यापेक्षा हायवे जास्त पाहिला. ती हळहळ अजून जात नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

नऊ दिवसांत तीन पार्क होणार नाहीत. झायन सॉल्ट लेकच्या दक्षिणेला साधारण ३०० मैल, यलोस्टोन उत्तरेला तेवढंच किंवा थोडं जास्त, ग्लेशियर तिथून आणखी ४०० च्या आसपास. शिवाय ३१ फुटी गाडी तुम्हाला दोन ठिकाणी आडवी येईल. झायनच्या पूर्वेकडच्या रस्त्यावरचा बोगदा १९३० सालचा आहे, त्या काळच्या गाड्यांच्या मापाने खोदलेला. ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाडी आत आपल्या लेनमध्ये मावत नाही, आणि भाड्याची क्लास सी या मापाच्या पुढेच असते. पूर्वी परवाना घेऊन समोरची वाहतूक थांबवत आणि अशी गाडी मधून सोडत. आता मोठ्या गाड्या दुसऱ्या रस्त्याने वळवायचं पार्कने ठरवलं आहे. ग्लेशियरमध्ये ज्या रस्त्यासाठी लोक जातात त्या गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगरी टप्प्यावर २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद गाडीला मनाईच आहे, आणि त्या रुंदीत बाजूचे आरसेही धरतात. तिथे आरव्ही खाली ठेवून शटलने जावं लागतं.

माझं ऐकाल तर फक्त यलोस्टोन आणि त्याच्या दक्षिणेचं ग्रँड टेटन पार्क करा. टेटनला कोल्टर बेचं आरव्ही पार्क आहे, फुल हुकअपवालं. यलोस्टोनमध्ये फुल हुकअप एकाच ठिकाणी, फिशिंग ब्रिजला. त्या भागात ग्रिझली अस्वलांचा वावर असल्यामुळे तिथे तंबू चालत नाहीत, टणक भिंतींच्या गाड्याच लागतात. एक गोष्ट बरेच जण चुकतात: फिशिंग ब्रिज रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंग साइटवर शोधून सापडत नाही. तिथलं बुकिंग पार्कमधली लॉजेस चालवणाऱ्या कंपनीकडे असतं. जुलैसाठी आता जागा भरल्या असतील, पण रद्द झालेल्या जागा सारख्या परत येत असतात. रोज सकाळी चिकाटीने बघत राहिलं तर मिळतात. आम्हाला अशीच मिळाली.

फुल हुकअप म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याचा पाइप, तिन्ही तुमच्या साइटवर. लहान क्लास सी गाडीला बहुधा ३० अँपिअरचं कनेक्शन असतं. १२० व्होल्टच्या हिशेबाने ३,६०० वॉट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला आणि कुणी केस वाळवायला घेतले की ब्रेकर पडलाच. हुकअप नसेल तिथे बॅटरी आणि जनरेटर. जनरेटर गाडीच्याच टाकीतलं इंधन पितो आणि टाकी पाव भागावर आली की आपोआप बंद होतो, म्हणजे तुम्ही जंगलात अडकून पडू नये. बिघडला समजून रात्री दहाला कंपनीला फोन करू नका. तसंही कॅम्पग्राउंडवर जनरेटरच्या वेळा ठरलेल्या असतात.

आता टाकी. टाक्या दोन: संडासाची ती ब्लॅक, सिंक आणि शॉवरची ती ग्रे. साइटवर पाइप जोडलेला असला तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा. उघडा ठेवला तर पाणी तेवढं निघून जातं, बाकीचं आत साठून घट्ट बसतं, आणि मग जे करावं लागतं ते लिहिण्यासारखं नाही. टाकी निदान दोन-तृतीयांश भरू द्यायची, मग आधी ब्लॅक सोडायची आणि तिच्या मागून ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. हातमोजे घाला, पाइप दोन्हीकडे नीट बसलाय ना ते दोनदा तपासा आणि पिण्याच्या पाण्याचा होज त्या कोपऱ्याजवळ नेऊसुद्धा नका. दहा मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या वेळेपासून काही वाटत नाही.

लायसन्स भाड्याच्या नेहमीच्या गाड्यांना साधंच चालतं. चालवणं दोन तासांत जमतं, वळणं मात्र जपून. मागच्या चाकांच्या पाठीमागे गाडीचा बराच भाग लोंबतो, तो वळताना बाहेर फेकला जातो आणि शेजारचा खांब घासतो. रिव्हर्स घेताना एक माणूस खाली उतरलाच पाहिजे आणि तो आरशात दिसला पाहिजे. तो दिसेनासा झाला की ब्रेक. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. पेट्रोल पंपाचं छत आणि ड्राइव्ह-थ्रू यांनी भल्याभल्यांच्या गाडीच्या छतावरचे एसी उडवले आहेत. आणि नेमका छताचा व गाडीच्या पोटाचा मार पुष्कळ विम्यांत धरत नाहीत. तुमच्या घरच्या गाडीचा विमा आणि क्रेडिट कार्डाचं कव्हर भाड्याच्या मोटरहोमला लागू आहे का, हे लेखी विचारून घ्या. किती मैल आणि जनरेटरचे किती तास भाड्यात धरलेत तेही. गाडी ताब्यात घेताना छतासकट सगळ्याचा व्हिडिओ काढा, घाई करू देऊ नका. आमच्याकडून आधीच असलेल्या एका ओरखड्याचे पैसे कापले गेले होते.

----------

विषय: पुन्हा: पुन्हा: आरव्ही भाड्याने घ्यायची आहे

वरचं सगळं पटलं, पण आई-बाबांचा विचार कुणी केला नाही म्हणून लिहिते.

आठ जण झोपतात असं कंपनी म्हणते तेव्हा त्यात ड्रायव्हरच्या डोक्यावरचा माळा आणि टेबल मोडून होणारा पलंगही मोजलेला असतो. माळ्यावर आई-बाबा चढणार नाहीत. टेबलावर झोपले तर सकाळी सगळ्यांत आधी त्यांनाच उठवावं लागतं. मागची खोली त्यांना दिली तर रात्री ठीक, पण पायरी, अरुंद संडास आणि हलती जमीन हे सत्तरीच्या माणसाला रोजच्या रोज त्रासाचं होतं. माझ्या सासूबाई चार दिवस पाणी कमी प्यायल्या, आतलं बाथरूम वापरायला नको म्हणून. मला ते परत आल्यावर कळलं. फिशिंग ब्रिज साडेसात हजार फुटांच्या वर आहे, तिथे पाणी भरपूर प्यायला हवं. जुलैतही रात्री थंडी असते, तेव्हा गरम कपडे घ्याच.

म्हणून माझी सूचना: कोल्टर बेला आरव्ही पार्कजवळच लाकडी केबिन्स आहेत आणि फिशिंग ब्रिजपासून थोड्याच अंतरावर लेक लॉजच्या. आई-बाबांना तिथे झोपू द्या, दिवस सगळ्यांनी आरव्हीशी काढा. मग गाडी २५ फुटी पुरते. सोबत एक साधी गाडीही घ्या. नाहीतर प्रत्येक वेळी ओल्ड फेथफुलला, म्हणजे गरम पाण्याच्या त्या प्रसिद्ध कारंज्याला जायचं म्हणून पाणी-वीज काढा, भांडी कपाटात घाला, अख्खं घर घेऊन ३८ मैल जा आणि मग पार्किंग शोधा. ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत उष्ण झऱ्याच्या पार्किंगला तर दुपारी मोठ्या गाडीची आशाच सोडा.

आणि गाडी चालू असताना कुणीही पलंगावर झोपायचं नाही, मुलं कितीही हट्ट करोत. धाकट्याचं बूस्टर (मुलाला उंच बसवायची सीट) पुढे तोंड असलेल्या आणि खांद्यावरून पट्टा येणाऱ्या सीटवरच. आडव्या सोफ्यावर नाही. अशा किती सीट आहेत हे बुकिंगच्या आधी विचारा.

जाता जाता: फोडणी बाहेर, कॅम्पग्राउंडच्या टेबलावर. आतला धुराचा अलार्म लगेच बोंबलतो. पण खाणं बाहेर विसरून आत जाऊ नका, एक डबासुद्धा नाही. अस्वलाला एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली की शेवटी त्या अस्वलाचाच जीव जातो.

----------

विषय: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: आरव्ही भाड्याने घ्यायची आहे

दादा, ताई, मनापासून आभार. झायन आणि ग्लेशियर बेतातून काढले. चार दिवस रोज सकाळी बघत होतो, काल फिशिंग ब्रिजच्या तीन रात्री मिळाल्या आणि कोल्टर बेच्या दोन. आई-बाबांसाठी कोल्टर बेला केबिन मिळाली, लेक लॉजची अजून मिळायची आहे. गाडी २५ फुटी ठरवली, सीटची चौकशी करून. साधी गाडी बायको चालवेल.

तुमच्या दोघांच्या मेल्स व्हिडिओ कॉलवर आई-बाबांना वाचून दाखवल्या. ताई, तुमच्या सासूबाईंचं ऐकून आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, बरं झालं त्यांनी लिहिलं. बाबांनी टाक्यांचा भाग दोनदा वाचायला लावला आणि ते काम त्यांच्याकडे मागून घेतलं आहे.