दावे राज्य न्यायालयातच चालावेत
बंदुकांचा व्यापार साऱ्या अमेरिकेत चालत असल्यामुळे उत्पादकांवरील दावे केवळ संघीय (केंद्रीय) न्यायालयांनीच ऐकावेत, असे जे मत मांडले जाते, ते मला पटत नाही. ४ जुलै २०२२ रोजी इलिनॉयमधील हायलंड पार्क येथे मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारात ७ जणांचा बळी गेला. पीडितांनी हल्ल्यातील बंदूक बनवणाऱ्या स्मिथ अँड वेसन या कंपनीच्या जाहिरातींवर बोट ठेवून राज्य न्यायालयात दावे दाखल केले, तेव्हा कंपनीने ते संघीय न्यायालयात हलवले आणि आपल्यावर संघीय खात्याचे कडक नियंत्रण असल्याने आपण जणू संघीय सरकारच्या वतीनेच काम करतो, असा युक्तिवादही केला. सातव्या सर्किटच्या (इलिनॉय ज्यात येते त्या विभागाच्या) संघीय अपील न्यायालयाने २०२४ मध्ये तो फेटाळला, आणि योग्यच केले. नियमांनी बांधलेला उत्पादक म्हणजे सरकारी अधिकारी नव्हे.

शिवाय २००५ च्या ज्या कायद्याने या उद्योगाला संरक्षण दिले, त्यातच विक्री वा जाहिरातीसंबंधीचा राज्याचा कायदा जाणूनबुजून मोडल्यास दाव्याला वाट ठेवलेली आहे, आणि कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सँडी हूक शाळेतील गोळीबारात बळी गेलेल्यांच्या कुटुंबीयांना याच वाटेने पुढे जाऊ दिले. राज्याच्या कायद्याचा अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार त्या राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाचा असताना, ज्यांची माणसे गेली त्यांना तिथून बाहेर का काढायचे?