आपल्याच कामाबद्दलचा माज आणि धास्ती : तुमचे अनुभव

शाईचा_डाग
कपाट आवरताना कॉलेजातली कवितांची वही सापडली. प्रत्येक कवितेखाली झोकदार सही, आणि एकीपुढे चक्क माझ्याच अक्षरात "अप्रतिम!" कविता कशी होती ते विचारू नका, पानागणिक चंद्र उगवत होता. हसून झाल्यावर मात्र त्या कार्ट्याचा हेवा वाटला. हल्ली दोन ओळी लिहिल्या की तीन खोडतो. तुमच्याकडे काय परिस्थिती? मोकळेपणाने लिहा.

तिरपी_रेघ
माझं उलट. रंगवताना मी जगात भारी, सही केली की सगळी उतरते. म्हणून चित्र आरशात बघते. लिओनार्दोनेही चित्रकारांना हाच सल्ला दिलाय. उलटं दिसलं की सरावलेली नजर फसत नाही. परवा पोर्ट्रेटमधला डावा डोळा कानाकडे निघाला होता. सरकवला, विषय संपला. पूर्वी अख्खा कागद फाडला असता.

मंद्र_सप्तक
घाईत लिहितेय. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकणं म्हणजे शिक्षा! ही कोण बाई किनऱ्या आवाजात गातेय? गाताना आपला आवाज हाडांतूनही कानात पोचतो, रेकॉर्डिंगमध्ये तो भरीवपणा नसतो. माहितीय, तरी पोटात गोळा येतोच. गुरुजी एकदा "बरं झालं" म्हणाले होते, ते अजून पुरवून वापरतेय. बाळ उठलं, पळते.

शाईचा_डाग
गाणं बरं झालं, की संपलं ते बरं झालं? 😄

मंद्र_सप्तक
दुष्ट!! आता झोप उडाली.

जुना_पुराणा
शाकुंतलाच्या सुरुवातीलाच कालिदासाचा सूत्रधार म्हणतो, जाणकार खूश होईपर्यंत प्रयोग जमला असं मी मानत नाही. चांगल्या शिकलेल्यांनाही स्वतःचा भरवसा नसतो. भवभूती मात्र मालतीमाधवात ठणकावतो, माझ्या जातकुळीचा कुणीतरी जन्मेलच, काळ अनंत आहे आणि पृथ्वी मोठी. मी भवभूतीच्या पार्टीत. कथा साभार परत आली की म्हणतो, पृथ्वी मोठी आहे. बायको म्हणते, तोवर दिवा बंद करा.

कच्चा_मसुदा
यश मिळूनही "आपलं बिंग फुटणार" असं वाटत राहतं, त्याला क्लान्स आणि इम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली इम्पोस्टर फिनॉमिनन म्हटलं. नाव कळून बरं वाटलं, धास्ती आहे तिथेच आहे. त्यात मी अनुवादक. भाषा आवडली तर श्रेय मूळ लेखकाला, खटकली तर शिव्या मला. मग अहंकार ठेवायचा तरी कुठे? संपादक पानभर लाल करून पाठवतात तेव्हा फाइल मिटून टाकते. नंतर शांतपणे बघितलं तर निम्म्या खुणा बरोबर असतात. राग त्या निम्म्यांचाच येतो, चुकीच्या खुणांचा नाही.

एकटा_बूट
कच्चा_मसुदा +१. अवांतर: आरशाची युक्ती फोटोला चालेल का?

तिरपी_रेघ
चालेल की. फोनमध्ये फ्लिप कर. खालचं वर करूनही बघ, तोल लगेच कळतो.

एकटा_बूट
बघितलं. समुद्राचे सगळे फोटो एका बाजूला कललेत. सुखात होतो मी.

तिरपी_रेघ
अरे, क्रॉपमध्ये फोटो सरळ करायची पट्टी असते. ती शोध आधी, मग रड.